परदेशाहून घरीं आल्यावर

परदेशांत दहा-बारा वर्षें संसार करून परतलेलें जोडपें चेंबुरांत आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. असें एक जोडपें कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. सन २०१२ मध्यें, लग्नानंतर लौकरच, दोघें अमेरिकेस गेलीं आणि २०२४ मध्यें एक मुलगी व बारा पेट्या बरोबर घेऊन परत आलीं. डायमंड गार्डनजवळच्या ज्या तीन मजली इमारतींतून त्यांनीं प्रस्थान ठेवलें, ती आतां नाहीं. तिच्या जागीं वीस मजल्यांचा मनोरा उभा आहे आणि त्याच्या चौदाव्या मजल्यावर नवऱ्याचे वृद्ध आईवडील राहतात. पूर्व मुक्तमार्ग २०१३ मध्यें झाला, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आणि मोनोरेल २०१४ मध्यें आली, आर. के. स्टुडिओची जागासुद्धां २०१९ मध्यें विकली गेली. हें सारें त्यांच्या माघारीं घडलें. येथेंच राहणारास असे बदल एकेक घांस करून पचवितां येतात; परतणारास ते एकदम ताटांत वाढले जातात. माहुलच्या बाजूनें वारा सुटला म्हणजे येणारा तो वास मात्र जुनाच, आणि पहिल्या रात्रीं खिडकी उघडतांच त्या वासानेंच दोघांना घरीं आल्याची खूण पटते.

परतलेल्या माणसाकडें कायदा दोन निरनिराळ्या दृष्टींनीं पाहतो. परकीय चलनाविषयींचा १९९९ चा कायदा सरळ आहे : येथें राहण्याच्या हेतूनें माणूस परत आला कीं तो रहिवासी झाला, त्यानें बँकेंतलीं आपलीं अनिवासी खातीं बदलून घेतलीं पाहिजेत. प्राप्तीवरील कराचा कायदा अधिक कनवाळू. मागील दहा वर्षांपैकीं नऊ वर्षें जो अनिवासी होता, किंवा मागील सात वर्षांत ज्याचा भारतांतील मुक्काम ७२९ दिवसांहून अधिक नव्हता, त्याला तो ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नव्हे’ अशा एका मधल्या वर्गांत बसवितो आणि त्याच्या परदेशांतील बहुतेक उत्पन्नास हात लावीत नाहीं. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यास ही सवलत सामान्यतः दोन-तीन वर्षें मिळते. करवसुलीच्या रुक्ष कलमांत मनुष्यस्वभावाचें इतकें अचूक वर्णन क्वचितच सांपडेल. पहिलीं दोन-तीन वर्षें परतलेला माणूस खरोखरच तसा असतो. अमरमहालच्या नाक्यावर मोटारी थांबतील म्हणून तो वाट पाहत उभा राहतो आणि मागचा मनुष्य त्याच्या खांद्याला खांदा लावून केव्हांच पलीकडे पोंचलेला असतो. ‘आमच्याकडे’ म्हणतांना त्याची जीभ क्षणभर अडखळते.

पण या वर्णनांत नवरा आणि बायको दोघेंही सारखींच बसतात, असें मानणें चुकीचें आहे. ‘घरीं परत येणें’ हे शब्द आपण सहज उच्चारतों. मराठींत मात्र लग्न झालेल्या स्त्रीच्या घराला दोन नांवें आहेत, आणि परतणारीं जोडपीं ज्या घरीं परततात तें बहुधा सासर असतें. तो आपल्या आईच्या स्वयंपाकाकडें, आपल्या शाळेच्या रस्त्याकडें, आपल्या मित्रांकडें येतो. तिचें माहेर डोंबिवलीस. तेथें ती पाहुणी म्हणून चार दिवस जाऊन येते. चौदाव्या मजल्यावर ती येते ती सून म्हणून, आणि सून म्हणून राहण्याचा तिला पुरता अनुभवसुद्धां नाहीं, कारण लग्नानंतरचें सारें आयुष्य दोघांनींच थाटलेल्या घरांत गेलें. तिकडे भांडीं घांसण्याचें काम त्याच्याकडें होतें. इकडे भांड्यांना बाई आहे, स्वयंपाकघरांत आई आहे. तो वर्तमानपत्र घेऊन बसतो, आणि त्यांत आपलें कांहीं चुकतें आहे असें त्याच्या गांवींही नसतें.

नोकरीचें पाहावें तर अंतर अधिकच स्पष्ट होतें. जाण्यापूर्वीं ती मुंबईच्या एका महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकवीत होती. अमेरिकेंत त्याला नोकरीचा परवाना मिळाला, तिला अवलंबिताचा. आणि त्या परवान्यावर त्या काळीं काम करण्यास मनाई होती. मे २०१५ पासून अशा जोडीदारांपैकीं कांहींना, कायम वास्तव्याचें प्रकरण ठराविक टप्प्यास पोंचलें असल्यास, काम करण्याची मोकळीक मिळाली. कालांतरानें तिलाही ती मिळाली, काम मिळालें, आणि तें अंगवळणीं पडतें न पडतें तोंच सासऱ्यांचें पाय घसरून पडण्याचें निमित्त होऊन परतण्याचें ठरलें. त्याची बदली त्याच्याच कंपनीनें मुंबईस करून दिली. तिनें राजीनामा दिला. जातांना एकदां आणि येतांना एकदां, अशी तिची नोकरी दोनदां सुटली. आणि दोन्ही वेळां निर्णय ‘आपण दोघांनीं’ घेतला असेंच सर्वांस सांगण्यांत आलें.

हें आजचेंच नव्हे. परदेशांतून परतणाऱ्या विद्वानांशीं चेंबूरच्या परिसराचा संबंध जुना आहे. डॉ. होमी भाभा १९३९ मध्यें केंब्रिजहून सुटीसाठीं आले, महायुद्ध सुरू झालें आणि ते येथेंच राहिले. त्यांच्याच प्रयत्नानें १९४५ मध्यें टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली आणि १९५४ मध्यें चेंबूरच्या शेजारीं तुर्भ्यास अणुशक्तीचें केंद्र उभें राहिलें. यांपैकीं पहिल्या संस्थेंत, शहराच्या दुसऱ्या टोंकास कुलाब्याला, १९७२ मध्यें डॉ. जयंत नारळीकर प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १९५७ मध्यें शिक्षणासाठीं केंब्रिजला गेलेले नारळीकर फ्रेड हॉइल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळें जगप्रसिद्ध झाले होते. त्यांच्या येण्याचें देशभर कौतुक झालें, आणि तें योग्यच होतें.

त्यांच्याबरोबर मंगलाताई नारळीकरही परतल्या. त्यांचें परतणें वेगळ्या अर्थानें विलक्षण होतें. माहेरच्या राजवाडे असलेल्या मंगलाताई १९६४ मध्यें मुंबई विद्यापीठाची गणितांतील एम. ए. ची परीक्षा सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाल्या होत्या आणि १९६४ ते १९६६ या काळांत याच टाटा संस्थेच्या गणितशाखेंत काम करीत होत्या. केंब्रिजमध्यें १९६७ ते १९६९ पर्यंत त्यांनीं गणित शिकविलें. म्हणजे १९७२ मध्यें नवरा ज्या संस्थेंत नव्यानें आला, तिच्या दारांतून त्या सहा वर्षांपूर्वींच बाहेर पडल्या होत्या. पुन्हां तेथें काम करूं लागण्यास त्यांना १९७४ उजाडावें लागलें, आणि घरसंसार व मुलींचें संगोपन सांभाळून पीएच. डी. मिळाली ती १९८१ मध्यें, परतल्यानंतर नऊ वर्षांनीं. जयंतरावांना तीच पदवी १९६३ मध्यें मिळाली होती. वयांतील पांच वर्षांचें अंतर वजा केलें तरी तेरा वर्षें उरतात.

या तेरा वर्षांवरून कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. तें सहजीवन सर्वज्ञात आणि समृद्ध होतें. मंगलाताईंनीं पुढें ‘गणितगप्पा’सारखें लेखन केलें, पाठ्यपुस्तकांच्या गणित समितीचें अध्यक्षपद सांभाळलें, आणि २०१९ मध्यें ‘एकवीस’ ऐवजीं ‘वीस एक’ म्हणण्याच्या पर्यायावरून महाराष्ट्रभर गदारोळ उठला तेव्हां, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, आपली बाजू शांतपणें मांडली. २०२३ मध्यें त्या निवर्तल्या, २०२५ मध्यें जयंतराव. तरीपण एवढ्या बुद्धिमान स्त्रीस, एवढ्या समंजस घरांत, ज्यासाठीं नऊ वर्षें लागलीं, त्यासाठीं चौदाव्या मजल्यावरील आपल्या सुनेला किती लागतील हा प्रश्न उरतोच.

कोणी म्हणेल, परतण्यास घर आहे हेंच भाग्य. तें खोटें नाहीं. चेंबुरांत तर हें कोणास सांगावयास नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें ज्या छावणींत उतरलीं तिचें ‘कॅम्प’ हें नांव अद्यापि रिक्षावाल्यांच्या तोंडीं आहे, आणि त्या माणसांना परत जाण्यास घरच उरलें नव्हतें. आजोबांचा हात धरून नात बागेंत जाते, महिन्याभरांत ‘अहो आजोबा’ म्हणूं लागते, हेंही लहान सुख नव्हे. त्या सुखासाठींच तर हा खटाटोप.

बारा पेट्यांपैकीं अकरा पहिल्या पंधरवड्यांत उघडल्या गेल्या. दोन खोल्या आणि दिवाणखाना एवढ्याच जागेंत त्याचें कामाचें टेबल खिडकीपाशीं बसलें. बारावी पेटी सुनेच्या पुस्तकांची. ती दाराआड राहिली, आणि हळूहळू तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत चढूं लागली. दिवाळीपूर्वीं घर आवरतांना सासूबाईंनीं ती चळत उचलून मुलाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

“अरे, हे कपडे आतां इथेंच राहतील,” त्या म्हणाल्या. “त्या पेटीला जागा कुठली, तें तूं सांग.”