नडगी, पाळी आणि भाकरी



पंधरा वर्षांपूर्वी एकाच हंगामात लांब पल्ल्याच्या तीन धावपटू मुली नडगी दुखते म्हणून माझ्याकडे आल्या. तिघींच्याही हाडाला बारीक चीर गेलेली. मी विश्रांती सांगितली, कॅल्शियम लिहून दिलं आणि दोन महिन्यांनी त्यांना मैदानावर धाडलं. शेवटची पाळी कधी आली, हे एकीलाही विचारलं नाही. वर्षभरात दोघी तेच दुखणं घेऊन परत आल्या. ती चूक माझी होती. आज जे बोलणार आहे ते तिथूनच सुरू होतं.

चौथ्या मुलीला मात्र मी विचारलं. ती सहज म्हणाली, “ती तर दहा महिने बंद आहे, मॅडम. सर म्हणतात, सराव अंगी लागला की असंच होतं.” शेजारी बसलेली आई वळून तिच्याकडे बघतच राहिली. आईला हे तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं.

सराव अंगी लागला म्हणून पाळी थांबत नाही. पळण्याचा खर्च भागवून शरीराच्या हाती पुरेसं उरलं नाही, की मेंदू पाळीला लागणारे संदेशच आवरते घेतो. इस्ट्रोजेन उतरतं आणि हाड भरायचं थांबतं. तेही नेमकं आयुष्यभराचा साठा जमवायच्या वयात. हिशेब बघा. ४८ किलोच्या मुलीचं चरबी वगळून वजन ४० किलो धरू. ती १२ किलोमीटर पळाली, तर अंदाजे ५७५ कॅलरी गेल्या. दिवसभरात तिने १७०० कॅलरी खाल्ल्या, तर बाकीच्या शरीराला उरल्या ११२५, म्हणजे किलोमागे २८. हा आकडा ३० च्या खाली गेला, की पाच दिवसांतच संप्रेरकांची लय बिघडते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. १७०० कॅलरी म्हणजे सकाळी पोहे आणि दोन वेळचं साधं जेवण. ते जेवणाऱ्या मुलीला उपाशी कोण म्हणेल?

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली ऊर्जेच्या तुटीच्या या स्थितीला रेड-एस हे नाव दिलं. पण ती खेळाडूच्या तोंडून जगाला कळली, ती मेरी केनमुळे. २०१३ मध्ये सतराव्या वर्षी ही अमेरिकन मुलगी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरची अंतिम फेरी धावली. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं, की वजन कमी कर, आणखी कमी कर, या धोशात तिची तीन वर्षं पाळी गेली आणि पाच हाडं मोडली.

आपल्याकडे याला आणखी वाटा फुटतात. आपल्या अनेक धावपटू मुली कोरडवाहू गावांतून, आदिवासी पाड्यांवरून येतात. घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायची सवय घेऊन त्या वसतिगृहात येतात. आणि ज्या मुलीला अन्नाचीच भीती वाटू लागली आहे, तिला आपण उपवासाचा सोयीचा आडोसा देतो. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. जेवली नाही तरी कुणी टोकत नाही, उलट कौतुक होतं. मी उपवासाच्या विरोधात नाही. पण धावणारी मुलगी आठवड्यात तीन उपवास करू लागली, तर तिच्याजवळ बसून प्रेमाने चौकशी करा.

आता बरं होण्याविषयी. ऊर्जेची तूट काही दिवसांत, आठवड्यांत भरते. पाळी परतायला महिने लागतात, हाडाला वर्षं. गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा रक्तस्राव म्हणजे परतलेली पाळी नव्हे. त्याने फक्त खूण झाकली जाते. आणि मनातली भीती सगळ्यांत चिवट. त्या चौथ्या मुलीला आहारतज्ज्ञांनी मूठभर शेंगदाणे सांगितले, तर ती ते मोजायची. बाविसावर थांबायची. तेविसावा दाणा खायला तिला सहा आठवडे लागले. बरं होण्याच्या काळात वजन वाढतं आणि धावण्याचा वेग मंदावतो. या टप्प्यावर अनेक मुली मागे फिरतात, कारण वजन त्यांना रोज दिसतं आणि भरत चाललेलं हाड दिसत नाही.

म्हणून प्रशिक्षकांनो, तुमच्याकडे मागते ते एवढंच: या महिन्यांत तिची संघातली जागा जाऊ देऊ नका. मैदानावरचा वजनकाटा उचला. पाळीची चौकशी नाडीइतक्या सहजतेने करा. पुरुष प्रशिक्षकांना अवघडल्यासारखं होत असेल, तर संघासोबतच्या एखाद्या बाईंवर ते काम सोपवा, पण सोपवाच. समुपदेशक शोधून ठेवा. एकट्या आहारतज्ज्ञाने हे निभत नाही.

त्या मुलीच्या सरांना मी तेव्हा बोलावून घेतलं होतं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मला माझ्या सरांनी हेच शिकवलं होतं.” पुढची दीड वर्षं ती मुलगी पळत नसतानाही रोज पहाटे मैदानावर यायची. हातात स्टॉपवॉच घेऊन बाकीच्यांच्या वेळा घ्यायची. सराव संपला की सर सगळ्यांसोबत गोल करून बसायचे, स्वतःचा डबा उघडायचे आणि भाकरी मोडून पहिला तुकडा स्वतः खायचे. दुपारच्या सत्रात ते बोलणार आहेत. जेवण उरकून वेळेवर या.