नाटकातील गडी आणि आपण
(आपल्या समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



नाटकांतील पात्रांवरून समाजातील निरनिराळे थर आणि त्या त्या थराची जबाबदारी कशी दिसून येते, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात खेड्यांतील प्राथमिक शाळांत मुले शिकविण्यात गेली, आणि हिवाळ्यात रात्र रात्र जागून आम्ही नाटके पाहिली. एवढ्याच बळावर बोलावयाचे आहे. नाट्यशास्त्राची अपेक्षा कोणी करू नये.

आपले झाडीपट्टीतील नाटक कसे असते, हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको. पण ज्यांची मुले नागपूर-पुण्यास नोकरीला गेली, त्यांच्या नातवंडांकरिता सांगितले पाहिजे. धान घरी आले, दिवाळी व भाऊबीज झाली, की गावोगाव मंडई भरते, आणि तेथून होळीच्या सुमारापर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या धंद्याचे मुख्य ठाणे. तेथे नाट्यमंडळांची कार्यालये थाटलेली असतात. गावची मंडळी जाऊन नाटक ठरवून येतात. रात्री पेटी-तबला सुरू होतो, आणि शेवटचा पडदा पडतो तेव्हा पूर्वेस तांबडे फुटलेले असते. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात मुलामुलींच्या सोयरिकींची बोलणी, अशी ही जुनी रीत आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, त्या वर्षांतही नाटक चालूच राहिले. त्याला खीळ घातली ती करोनानेच.

या नाटकात राजा, पाटील, सावकार, त्याचा उनाड मुलगा, गरिबाची देखणी मुलगी, दारूडा नवरा, सोशिक बायको आणि गडी ही पात्रे पुन्हा पुन्हा येतात. वरवर पाहता न्याय चोख असतो. सावकार दुष्ट, गरीब सज्जन, पहाटेपर्यंत दुष्टाचे पारिपत्य. परंतु एक मौज आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. नाटक सुरू होण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची नावे आकड्यांसह वाचली जातात. ती मंडळी पुढच्या खुर्च्यांवर बसतात. मागे ताडपत्रीवर बायाबापड्या व पोरे, आणि अगदी कडेला, शेकोटीच्या आडोशाने, गावातील सालगडी व मजूर. मग पडदा वर जातो आणि रंगमंचावरचा पाटील गरिबाची बांधी गिळंकृत करतो. पुढच्या खुर्चीवरचा पाटील त्याला मनापासून शिव्या देतो. रंगमंचावरच्या पाटलात आपले प्रतिबिंब पाहिलेला पाटील आम्हांस अद्याप भेटलेला नाही. त्या खुर्च्यांवर आता आपल्या समाजाचीही बरीच मंडळी बसू लागली आहेत, म्हणून हे बोलण्याचे धाडस करीत आहोत.

तेव्हा, पात्राचा थर कळतो तो त्याच्या मोठमोठ्या भाषणांवरून नव्हे, असे आमचे मत झाले आहे. तो कळतो कोण बसतो व कोण उभा राहतो यावरून, कोणाच्या दुःखाला आपण रडतो व कोणाच्या दुःखाला हसतो यावरून. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ घ्या. गडकरी १९१९ च्या जानेवारीत आपल्या विदर्भातच, सावनेर येथे वारले आणि हे नाटक त्यांच्या मागे त्याच वर्षी रंगभूमीवर आले. त्यात दारूने दोघांचा नाश होतो. सुधाकर वकील आहे. कोर्टात मानभंग झाला, म्हणून प्याला हाती घेतो. तळीराम त्याच्याकडचा कारकून. दोघेही एकाच बाटलीने मरतात. पण सुधाकराकरिता, त्याच्या घरी जात्यावर दळणाऱ्या सिंधूकरिता, तीन पिढ्यांनी डोळे पुसले. आणि तळीरामाच्या मरणाच्या प्रवेशात, वैद्य-डॉक्टरांच्या भांडणाला, त्याच तीन पिढ्या पोट धरून हसल्या. गडकऱ्यांचा हेतू काय होता हा पंडितांचा प्रश्न आहे. आम्ही प्रेक्षकाविषयी बोलत आहोत. वकील बुडाला तर शोकांतिका, कारकून बुडाला तर फार्स! आपल्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. ज्या बायांनी त्या बंदीकरिता मोर्चे काढले, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या घरी सुधाकर नव्हता, तळीरामाहूनही खालचा कोणी होता, हे आपण जाणतोच.

दुसरे उदाहरण आपल्याच विदर्भातले. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेले महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. देशपांड्यांचा वाडा ढासळतो आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, आणि वडिलांच्या मरणानंतर भाऊ एकत्र जमले आहेत. समाज आपल्याहून वेगळा, पण घर ओळखीचे वाटते. आमचे लक्ष त्यात धाकट्या चंदूवर खिळले. सख्खा भाऊ, पण घरची हलकीसलकी सारी कामे त्याच्याकडे, आणि त्याला कोणी काही विचारीत नाही. बहीण प्रभा, तिला शिकावयाचे होते, शिकू दिले नाही. म्हणजे गडी बाहेरूनच आणावा लागतो असे नाही. मोठे घर आपल्या पोटच्या पोरांतूनही गडी घडविते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो आहे भाषेचा. आपल्या नाटकातील नायक-नायिका पुस्तकी, शुद्ध मराठी बोलतात. सावकारही शुद्ध बोलतो. झाडीबोलीत बोलतो तो गडी, आणि तो तोंड उघडताच मांडव हसू लागतो. जी भाषा आपल्या आज्यांनी आपणांस अंगाई म्हणताना वापरली, ती आता रंगभूमीवर हसण्याची खूण होऊन बसली आहे. जुन्या दंडारीत व खडी गमतीत असे नव्हते. तेथे सारा कारभारच बोलीचा. याला दुसरी बाजू आहे, ती आम्ही लपवीत नाही. आमचे एक स्नेही म्हणतात, ‘गुरुजी, तो विनोदी नट नसता तर बोली रंगभूमीवरून केव्हाच गेली असती.’ खरे आहे. २०२३ साली झाडीपट्टीच्या रंगभूमीला प्रथमच पद्मश्रीचा मान मिळाला, तोही परशुराम खुणे यांना, म्हणजे विनोदी भूमिकांसाठी लोकांच्या लाडक्या झालेल्या नटाला. मालकाला तोंडावर खरे सुनावण्याची मुभाही नाटकात बहुधा त्या विनोदी गड्यालाच असते. तरीही आमचे समाधान होत नाही. आपण हसतो ते त्याच्या चातुर्याला की त्याच्या बोलण्याला, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे. आम्ही स्वतः वर्गात ‘मी जातो जी’ म्हणणाऱ्या मुलांच्या हातांवर छडी मारली आहे. शुद्ध भाषेच्या नावाने मारली. त्यांतील काही मुले पुन्हा शाळेत आलीच नाहीत.

एक प्रसंग सांगावयाचा आहे. आजवर तो आम्ही घरातही सांगितलेला नाही.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, म्हणजे १९८२ च्या पुढचेच ते वर्ष. आम्ही नवे मास्तर. गावच्या मंडळाने हौशी नाटक बसविले आणि आम्हांस मालगुजाराची भूमिका दिली. एका प्रवेशात मालगुजार आपल्या गड्यावर धानाचे पोते चोरल्याचा आळ घेतो. गडी घाबरून अडखळतो, उलटसुलट बोलतो, लोक हसतात. आम्ही त्याला असे काही दरडावले, की टाळ्या पडल्या. आमच्या घरी तेव्हा एक सालगडी होता. पाडव्याला त्याचे साल ठरे, मजुरीचा काही भाग धानाच्या रूपाने मिळे. त्या वर्षी खळ्यावर दोन पोती कमी भरली, तेव्हा आमच्या वडिलांनी चार माणसांसमोर त्याला चोर म्हटले होते. पुढे ती पोती मोजणीतलीच चूक निघाली. वडील त्याला काही बोलले नाहीत. आम्ही घरात शिकलेले. आम्हीही बोललो नाही.

नाटकाच्या रात्री तो कडेला शेकोटीजवळ बसला होता. सकाळी गोठ्यात शेण काढीत असता आम्हांस पाहून म्हणाला, ‘मास्तर, तुमी रातीला बराबर बाबासारकेच बोलले जी.’

त्याच्या स्वरात राग नव्हता. खरे म्हणजे तो आमची तारीफच करीत होता. आम्ही हसलो आणि चहा प्यावयास घरात गेलो. त्या पाडव्याला त्याने दुसऱ्या गावी साल धरले. आमची भूमिका उत्तम वठली होती, याची इतकी खरी पावती आम्हांस पुन्हा कधी मिळाली नाही. त्याच्याकडे जाऊन मोजणीची चूक कबूल करावयास हवी होती. तो वारल्याचे कळले तोवर ते राहूनच गेले.

आपला समाज आता शिकला, नोकऱ्यांत गेला, कोणी कोणी धानाच्या गिरण्या काढल्या. पूर्वी आपली माणसे नाटकातील गरीब शेतकऱ्यात स्वतःला पाहत. तो हक्क आता आपल्याला पूर्णपणे उरलेला नाही. कोणते पात्र आज आपले आहे, हे दर वर्षी नव्याने पाहावे लागेल, आणि ते पाहणे सुखाचे नाही.

आपल्या तरुण मंडळींनी यंदा मंडईत नाटक करण्याचे योजिले आहे. त्यांनी वही आम्हांस वाचावयास दिली. शुद्धलेखन तपासा म्हणाले. नाटक बरे आहे. दुसरा अंक लांबला आहे, तो कापावा. पात्रांच्या यादीत अकरा नावे आहेत, आणि बाराव्या ओळीवर नुसते ‘गडी’ असे लिहिले आहे. त्याच्या तोंडी एकंदर सात वाक्ये, साती हसण्याची. आम्ही शुद्धलेखन तपासले, झाडीबोलीतील शब्दांना हात लावला नाही, आणि त्या बाराव्या ओळीवर पेन्सिलीने एक नाव लिहून वही परत केली. ते नाव कोणाचे, हे मुलांनी विचारले नाही. तालमी येत्या सोमवारपासून समाजभवनात सुरू होत आहेत. ज्यांना भूमिका हव्या असतील त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत.