कळवळा आणि मोजमाप

समाजकार्याला कळवळा हवाच. पण नुसत्या कळवळ्याने मूल वाचत नाही. ते कशाने वाचते, हे मोजावे लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ते मोजले. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात बालकांचे वजन, ऊब, स्तनपान पाहू लागल्या. जंतुदोष आढळल्यास उपचारही करू लागल्या. तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो निष्कर्ष प्रसिद्ध केला.

२०११ मध्ये शासनाने घरभेटींचे हे काम देशभरच्या ‘आशां’कडे सोपविले, एका बाळाच्या सर्व भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. परंतु गडचिरोलीतील यश केवळ भेटींचे नव्हते. कसून दिलेले प्रशिक्षण, नियमित देखरेख आणि हाताशी असलेले औषध यांचेही होते. पुराव्यातला स्वस्त भाग तेवढा उचलणे ही विज्ञाननिष्ठा नसून काटकसर आहे. आशाताईला कागदोपत्री ‘स्वयंसेविका’ म्हणायचे आणि तिच्याकडून शास्त्रशुद्ध कामाची अपेक्षा धरायची, हा अन्याय आहे. संशोधनाचा आग्रह धरणाऱ्यांनी तिच्या वेतनाचाही आग्रह धरला पाहिजे.