'सामना' : सर्वांना ठाऊक असलेले रहस्य

(दापोडी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने चित्रपटावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु 'सामना' हा एका अर्थी रहस्यपट आहे, आणि त्यातील रहस्याचा माझ्या विषयाशी निकटचा संबंध आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला व डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९७४चा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्याच वर्षी देशावर आणीबाणी लादली गेली आणि प्रश्न विचारणे हाच गुन्हा ठरला.

रहस्यपटाचे संकेत ठरलेले असतात. कोणी तरी नाहीसा झालेला असतो, एक परका माणूस चौकशी करू लागतो, गुन्हेगार दडलेला असतो आणि अखेरीस त्याचा मुखवटा गळून पडतो. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) आठवा. समोर उभी असलेली स्त्री नेमकी कोण, या प्रश्नावर तो प्रेक्षकाला खिळवून ठेवतो; उलगडा झाला की रहस्य संपते.

'सामना' वरवर हेच संकेत पाळतो. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर, दारूच्या आहारी गेलेला जुना स्वातंत्र्यसैनिक, हिंदुराव धोंडे-पाटलाच्या गावात येऊन पडतो. निळू फुल्यांचा हिंदुराव त्याला घरी नेतो, त्याची बडदास्त ठेवतो. मास्तराच्या कानी एक नाव येते, मारुती कांबळे. आणि त्या मारुतीचे पुढे काय झाले, हे तो ज्याला त्याला विचारीत सुटतो.

येथून संकेत मोडू लागतात. शोध घेणारा हा चतुर गुप्तहेर नव्हे, तर ज्याच्यावर संशय त्याच्याच अन्नावर जगणारा खचलेला माणूस. संशयितही दडलेला नाही. तो राजरोस, मानाने वावरतो. सर्वांत महत्त्वाचे असे की, नेहमीच्या रहस्यपटात सत्य एकाला ठाऊक असते आणि सारे गाव अंधारात असते. येथे सारे गाव जाणते. अंधारात आहे तो एकटा मास्तर. म्हणून हा खुन्याचा शोध नाही, गावाच्या मौनाचा शोध आहे.

त्या मौनाचे कारण अर्थशास्त्रात सापडते. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्याला स्वतःच्या उसाचा धनी करण्यासाठी. त्या कार्याचे मोल मी आजही कमी लेखीत नाही. परंतु ऊस, कर्ज, नोकरी आणि मत या साऱ्यांच्या किल्ल्या जेथे एकाच कमरेला लटकतात, तेथे माणसे गप्प होतात. भीतीने होतात, त्याहून अधिक उपकाराने होतात.

मी वर्षानुवर्षे वर्गात 'एक सभासद, एक मत' हे सहकाराचे तत्त्व शिकवले. जो सभासदच नाही, त्या भूमिहीनाचे, ऊसतोडणी मजुराचे मत कोठे नोंदले जाते, हा प्रश्न मी एकाही प्रश्नपत्रिकेत घातला नाही. गरिबांची बाजू घेऊन उभा राहणारा माजी सैनिक मारुती कांबळे पडद्यावर पाहिला, तेव्हा माझी ही चूक मला कळली.

चित्रपटाच्या शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. हिंदुराव कायद्याच्या हाती लागतो. जुना संकेत येथे परत येतो आणि प्रेक्षक समाधानाने उठतो. पाटील गेला, किल्ल्या कोणाच्या कमरेला गेल्या? त्याचे उत्तर चित्रपट देत नाही. ते शोधणे आपल्याकडे येते.

त्यासाठी साखरपट्ट्यात जाण्याचीही गरज नाही. या दापोडीवरून पिंपरी-चाकणच्या कारखान्यांकडे कंत्राटी कामगार जातात. हजेरीपटावरून एखादे नाव गळते. शेजारच्या यंत्रावरील माणसाला ते ठाऊक असते. पण तो बोलत नाही, कारण पुढचे नाव त्याचे असू शकते. त्याला भित्रा म्हणून मोकळे होऊ नका. असा प्रश्न एकट्या मास्तराला विचारावा लागू नये, एवढ्यासाठीच संघटना असते.