फळी कशी फुटते?

कराटेच्या जाहीर प्रात्यक्षिकात एखादा निष्णात योद्धा उघड्या हाताच्या एकाच आघाताने काँक्रीटच्या लाद्यांची चळत दुभंगवतो आणि निवेदक त्याचे सारे श्रेय गूढ प्राणशक्तीला देऊन टाकतो, तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी त्या चळतीची मांडणी निरखून पाहावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लादी केवळ दोन टोकांना टेकवलेली असते. लाद्यांमध्ये पुष्कळदा लहान ठोकळे ठेवून अंतर राखलेले असते, जेणेकरून त्या सर्व एकाच वेळी वाकवाव्या लागू नयेत. आणि लाकडी फळी असेल, तर ती तंतूंच्या दिशेनेच चिरफळेल अशी कापलेली असते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही, म्हणून भेग प्रथम पडते ती तळाशी.

या विषयाचा रीतसर तपास फेल्ड, मॅकनेअर आणि विल्क या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केला. यांपैकी रोनाल्ड मॅकनेअर स्वतः कराटेतील काळ्या पट्ट्याचे मानकरी होते. पुढे ते अंतराळवीर झाले व १९८६ च्या ‘चॅलेंजर’ दुर्घटनेत निधन पावले. कुशल हाताचा वेग सेकंदाला दहा मीटरच्याही पुढे जातो, आणि तो वर्षानुवर्षांच्या तालमीने मिळवलेला असल्यामुळे माझ्या दृष्टीने कोणत्याही सिद्धीहून अधिक आदरणीय आहे.

प्राणशक्तीने स्पर्शाविना माणसे पाडण्याच्या दाव्याला मात्र असा कोणताही आधार नाही: तेथे कोसळणारे बहुधा गुरूचे स्वतःचेच शिष्य असतात, आणि खरी परीक्षा हवी असेल, तर समोर अनोळखी, साशंक प्रतिस्पर्धी उभा करावा.