जुन्या पानांतील मराठी

विदर्भांतील कार्यालयांत व छापखान्यांत संगणक स्थिरावला, तेव्हां मराठी लेखनासाठीं ‘कृतिदेव’सारख्या टंकांचा सर्रास उपयोग होऊं लागला. त्या टंकांत रचलेलें एखादें जुनें एचटीएमएल पान तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडलें, म्हणजे ‘नागपूर’ या शब्दाच्या जागीं यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशीं सहा इंग्रजी अक्षरें दिसतात. मजकूर मुळीं त्याच अक्षरांचा. टंकानें त्यास मराठी वेष तेवढा चढविला होता. वाचणाऱ्याची गोष्ट सोडाच, शोधयंत्रासहि त्या पानांत नागपूर सांपडत नाहीं.

असलीं शेंकडों पानें हातानें पुन्हां लिहिणें कठीण. येथें पायथनसारखी भाषा उपयोगी पडते. मात्र नुसती अक्षराबदल अक्षर अशी अदलाबदल करूं जाणारा फसतो. ‘विदर्भ’ हाच शब्द घ्या. कृतिदेवांत ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधीं येते, आणि रफार ‘भ’च्या मागून, शब्दाच्या अगदीं शेवटीं. १९९१ पासून देवनागरीस स्वतंत्र स्थान देणाऱ्या युनिकोडांत क्रम उच्चाराचा: वेलांटी ‘व’नंतर, ‘र’ ‘भ’पूर्वीं. म्हणून आज्ञावलीनें वेलांटी पुढें सरकवावी, जोडाक्षर असल्यास सबंध जोडाक्षर ओलांडून; आणि रफार ‘भ’च्या अलीकडे आणावा.

त्याहून मौज ‘ढ’ची. एचटीएमएलमध्यें प्रत्येक खूण कोनदार कंसानें सुरू होते, आणि कृतिदेवांत नेमका तोच कंस म्हणजे ‘ढ’! त्यामुळें मजकुरांतील ‘ढ’ सांकेतिक रूपांत लिहिलेला असतो. संकेत आधीं उलगडले, तर रामटेकच्या आषाढांतील ‘ढ’ खुणेचा आरंभ ठरून पुढचा मजकूर गिळूं शकतो. प्रथम खुणा ओळखून पानाचा वृक्ष उभारावा, मग संकेत उलगडावे, शेवटीं अक्षरें बदलावीं. लिओनार्ड रिचर्डसन यांनीं २००४ सालीं काढलेलें ‘ब्यूटिफुल सूप’ हें साधन पहिलीं दोन कामें करतें, आणि खुणा अर्धवट सोडलेल्या असल्या तरी रुसत नाहीं.

वृक्षामुळें ज्या तुकड्याभोंवतीं कृतिदेवाची खूण आहे तेवढाच बदलतां येतो. नाहीं तर शेजारचें खरें इंग्रजी नांवहि ‘मराठी’ होऊन बसावयाचें. रूपांतर झाल्यावर टंकाच्या त्या खुणा काढून टाकाव्या. मूळ फाइली मात्र पुसूं नयेत. कृतिदेवाच्या निरनिराळ्या प्रकारांत कांहीं चिन्हांच्या जागा भिन्न आहेत, आणि एखादें जोडाक्षर बिघडल्याचें वर्षानें ध्यानांत आलें, तर परत जावयास दुसरी वाट नसते.