संगणक-आज्ञावलीतील अपवाद आणि त्यांची हाताळणी

(भोपाळच्या शाहपुरा भागातील मराठी भाषिक श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाहपुऱ्याच्या रहिवाशांना भदभदा धरणाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. १९६५ साली बांधलेल्या या धरणाचे ११ दरवाजे मोठा तलाव भरला म्हणजे उघडले जातात आणि अधिक झालेले पाणी कलियासोतकडे वाहू लागते. पाणी वाढणे हा धरणाचा दोष नव्हे. वाढलेल्या पाण्याला वाट न ठेवणे हा मात्र दोष ठरला असता. संगणकाच्या आज्ञावलीलाही हाच न्याय लागू पडतो.

आज्ञावली लिहिणारे एक्लिप्स, मेवन यांसारखी साधने वापरतात. त्यांत नसलेली सोय हवी असल्यास बाहेरून एक पूरक भाग जोडता येतो. त्यास प्लगइन म्हणतात. आयबीएम कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या एक्लिप्सची रचनाच मुख्यतः प्लगइनांची आहे. काम चालू असता फाइल सापडत नाही, संपर्क तुटतो, अपेक्षेबाहेरचा आकडा येतो आणि नेहमीचा क्रम खंडित होतो. या स्थितीस ‘एक्सेप्शन’, अर्थात अपवाद, म्हणतात.

दुय्यम भागातील अपवाद केवढा अनर्थ घडवितो, हे ४ जून १९९६ रोजी दिसून आले. युरोपच्या एरियान-५ अग्निबाणाचे पहिलेच उड्डाण सुमारे ४० सेकंदांत संपुष्टात आले. दिशादर्शक यंत्रणेत ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसेना, आणि त्या अपवादाच्या निवारणाची तरतूद नव्हती. राखीव संचातही तीच आज्ञावली असल्याने दोन्ही संच बंद पडले. तो भाग एरियान-४ वरून घेतलेला होता. उड्डाणानंतर एरियान-५ ला त्याचे प्रयोजनच उरले नव्हते. तो प्लगइन नव्हता, तथापि बोध तोच आहे.

यास्तव पहिली जबाबदारी मूळ यंत्रणेची. एक्लिप्समध्ये ‘सेफरनर’ नावाची व्यवस्था आहे. प्लगइनचे काम तिच्यामार्फत करविल्यास उद्भवलेला अपवाद तेथेच अडविला जातो, त्याची नोंद होते आणि इतर कामे चालू राहतात.

दुसरी जबाबदारी प्लगइन लिहिणाऱ्याची. अपवाद पकडून गप्प बसणे हे पाणी वाढत असता पातळीची पट्टी झाकून ठेवण्यासारखे आहे. खसऱ्याचा उतारा किंवा शाळेचा निकाल तयार करणारी आज्ञावली अशाच साधनांच्या साहाय्याने घडते. तिची एखादी तपासणी अपुरी राहूनही ‘काम पूर्ण’ असा निरोप आला, तर तिची चूक अखेर शेतकऱ्याच्या किंवा विद्यार्थ्याच्या पदरी पडते.

निरोप स्पष्ट असावा. मेवनमध्ये त्यासाठी दोन निराळे अपवाद ठेवलेले आहेत. तपासलेल्या कामातच उणीव आढळल्यास एक, आणि प्लगइनलाच आपले काम पार पाडता न आल्यास दुसरा. कोणती फाइल, कोणती कृती आणि मूळ कारण काय, हे निरोपात यावे. उघडलेल्या फाइली कोणत्याही परिस्थितीत बंद केल्या जाव्यात. वापरणाऱ्याने स्वतः काम थांबविले, तर ती चूक समजू नये.

संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्याची आज्ञावली तपासताना ती चालते की नाही एवढेच पाहू नये. फाइल मुद्दाम काढून घ्यावी, चुकीचा आकडा द्यावा आणि ती काय सांगते ते पाहावे. दरवाजांची परीक्षा पावसाळ्यापूर्वीच व्हावयास हवी.